आडनाव कोण देते?

नरखेडात राहणारा माणूस स्वतःला 'नरखेडकर' म्हणवून घेत नाही. त्याची गरजच नसते. गाव सोडून तो अन्यत्र स्थिरावला, की तिथले लोक त्याला त्या नावाने ओळखू लागतात. काटोलकरांचेही तेच. म्हणजे मुळांची खूण म्हणून आपण जे मिरवतो, ते बहुधा परमुलखात, परक्यांच्या तोंडी घडलेले असते. आडनावांची चर्चा करताना आपण कूळ आणि मूळ गाव शोधत बसतो. नाव देणाऱ्याला मात्र विसरतो, अशी आमची तक्रार आहे.

याचे ठळक उदाहरण मराठी माणसाचेच आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांत दोघे महाराष्ट्रीय होते: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. पाचही जणांची नावे चिनी उच्चारांत बसविली गेली आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर आले. कोटणीस झाले 'के दीहुआ'.

'कोटणीस'मधला 'नीस' हा फारसी 'नवीस'चा, म्हणजे लिहिणाऱ्याचा, अवशेष. चिटणीस, फडणीसांतही तोच आहे. चिनी नावात तो गळाला. उरले 'के' हे आडनाव. वाङ किंवा ली यांच्या मानाने ते विरळ. अर्थ कुऱ्हाडीचा दांडा. 'दी' हे एका फुलझाडाचे नाव. प्राचीन चिनी काव्यात ते बंधुभावाशी जोडले गेले, आणि पत्रांतून धाकट्या भावासाठीही वापरले गेले. अक्षरे घेतली ध्वनीसाठी. पण चिनी वाचकाला त्यांतला 'भाऊ' टाळता येत नाही.

नाव बदलले म्हणजे ओळख पुसली, असे कुणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. ज्या आडनावात फारसी 'नीस' इतका मुरला की तो परका वाटेनासा झाला, त्याला आणखी एका भाषेने आपलेसे केले, एवढेच.

९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस चीनमध्येच वारले. काही महिन्यांपूर्वीच जन्मलेल्या मुलाचे नाव होते 'यिनहुआ': 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच, १९६७ साली, तोही गेला. मुलाने लावलेले ते आडनाव 'कोटणीस' नव्हते, 'के' होते. वंशावळीच्या हिशेबात ते दुसऱ्याच पिढीत संपले. पण ज्यांनी ते दिले, त्यांनी ते आजवर जपले आहे. आडनावाचा अर्थ व्युत्पत्तिकोशात अर्धाच सापडतो, तो यामुळेच.