पित्ताची गोळी अजून लागते का? किहीमकरांना जाहीर आवाहन

किहीम आणि आसपासच्या वाड्यांतील ग्रामस्थहो,

मी औषधविक्रेता. काउंटरवर रोज कात्रीने कापलेली, दोन गोळ्या उरलेली पट्टी पुढे येते. "हीच दे, पंधरा." पट्टीवर नाव पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल नाहीतर राबेप्राझोल. चिठ्ठी मागितली की कपाळाला आठी. "अरे, पित्ताची तर गोळी! चहाआधी घेतो, वर्षं झाली." कोणी सुरू केली, कशासाठी, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. पुष्कळदा गुडघेदुखीच्या गोळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून ती लिहून दिलेली असते. गुडघ्याची गोळी बंद होते, ही चालूच राहते.

औषध वाईट नाही. १९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आलं आणि अल्सरचा उपचार खूप सोपा झाला. पण साध्या जळजळीला ही गोळी साधारण चार ते आठ आठवडे पुरते. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता माहितीपत्रकात छापा, असं औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये सांगितलं. ते पत्रक वाचतो कोण, म्हणा!

मात्र हे वाचून उद्याच गोळी फेकू नका. अल्सरमधून रक्तस्राव झालेला, अन्ननलिकेला मोठी इजा असलेली, रक्त पातळ करणाऱ्या किंवा रोजच्या वेदनाशामक गोळ्या घेणारी कितीतरी माणसं आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना ही गोळी लागतेच. शिवाय बरेच दिवस दाबून ठेवलेलं ॲसिड, गोळी एकदम थांबवली की उसळतं. छातीत आग पडते. माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय जमतच नाही," आणि पुन्हा सुरू करतो. ही उसळी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. म्हणून डॉक्टर आधी डोस अर्धा करतात, मग दिवसाआड, मग लागेल तेव्हाच, असं उतरवत नेतात.

तेव्हा चोंढीला डॉक्टरांकडे किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाल तेव्हा घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या आणि सरळ विचारा: ही कशासाठी सुरू केली होती? ते कारण अजून आहे का? कमी करता येईल का? विचारायला संकोच नको. डॉक्टरांना औषध कळतं, पण रात्री अकराला जेवून लगेच आडवं होणं, तंबाखू, पोपटीच्या दिवसांतली जागरणं तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कशी कळणार? निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल तर मात्र लगेच दाखवा.

मांडव्याच्या बोटीने आई-वडिलांसाठी तीन-तीन महिन्यांच्या पट्ट्या आणणाऱ्या मुंबईकर मुलामुलींनो, पुढच्या खेपेला एक दिवस जास्त काढा आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. दुकानात चिठ्ठी मागितली तर रागावू नका. पट्टीवरची लाल रेघ त्यासाठीच असते.

आपला,
एक औषधविक्रेता