संगणक आला, पण वर्ग कोणाच्या हाती?



निवडणुका जवळ आल्या की गावच्या शाळेला काहीतरी भेट मिळते. कधी रंग, कधी बाके, कधी टीव्ही. अलीकडे संगणक, टॅब आणि भिंतीवर लावायचा डिजिटल फळा. पुढारी येतात, फीत कापतात, फोटो छापून येतो. पुढच्या पावसाळ्यात त्याच खोलीचे पत्रे गळू लागतात आणि भेटवस्तू प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कपाटात जाते. मोडली तर भरपाई आपल्या पगारातून व्हायची, या धास्तीने मुख्याध्यापक कुलूप काढत नाहीत. गावाला वाटते, आपली शाळा डिजिटल झाली. पोरांनी त्या वस्तूला हातही लावलेला नसतो.

मग शेतकऱ्याने शाळेतल्या संगणकाला विरोध करायचा का? मुळीच नाही. नव्या तंत्राला शेतकरी कधी भ्याला नाही. संकरित बियाणे, ट्रॅक्टर, ठिबक, जे जे पदरात काही टाकते असे दिसले ते त्याने उचलले. पैसा नसेल तर कर्ज काढून उचलले. शहरातल्या पोराच्या हाती लॅपटॉप आणि खेड्यातल्या पोराला श्रमाच्या महतीवर प्रवचन, ही वाटणी आपल्याला कबूल नाही. आपला सवाल साधा आहे. हे यंत्र मास्तरच्या मदतीला येणार की मास्तरच्या जागी? आणि ते पाहिजे की नको, कसले पाहिजे, हे ठरवणार कोण?

दीडशे वर्षांचे दुखणे

हा सवाल आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर सांगितले. खेड्यातल्या शाळेत काय शिकवावे याची यादीही दिली. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. मास्तर कसा हवा तेही सांगितले. तो शक्यतो कष्टकऱ्यांतला असावा, त्यांच्यात मिसळणारा असावा. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये.

त्या यादीत इमारत आणि साहित्य यांच्याआधी माणूस होता. त्यानंतर शिक्षणावर आयोग आणि समित्या पुष्कळ झाल्या. हा क्रम मात्र प्रत्यक्षात नेहमी उलटाच राहिला. कारण उघड आहे. साहित्याची खरेदी करता येते, खरेदीची निविदा निघते आणि निविदेत पुष्कळांचे भले होते. चांगल्या मास्तरची निविदा काढता येत नाही.

ठेका संपला, धडा संपला

२००४ साली केंद्राने शाळांसाठी आयसीटी योजना आणली. महाराष्ट्रात ती ठेकेदारांमार्फत, पाच वर्षांच्या कराराने राबवली गेली. संगणक ठेकेदाराचा, शिकवणारा निदेशकही ठेकेदाराचा. पाच वर्षे झाली, करार संपला. यंत्रे शाळेच्या गळ्यात पडली आणि निदेशकाचा पगार थांबला. चालवायला माणूस नाही, दुरुस्तीला पैसा नाही. सादिलच्या तुटपुंज्या रकमेत खडू आणायचे, वीजबिल भरायचे की संगणकाची बॅटरी बदलायची? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने हाच प्रयोग आपल्याहून मोठ्या जोमाने केला. २००८ पासून पुढच्या काही वर्षांत तिथल्या सरकारने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप शाळकरी मुलांसाठी वाटले. मग तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांची पाहणी झाली. मुले लॅपटॉप चालवायला शिकली, पण गणितात आणि भाषेत फरक पडला नाही. यंत्र दिले, मास्तरला ते कसे वापरायचे हे नीट शिकवले नाही, वर्गातली पद्धत होती तीच राहिली.

बडोद्याचा हिशेब

इतके लांब कशाला जायचे? शेजारच्या बडोद्यात नगरपालिकेच्या शंभर शाळांना गुजरात सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले होते. २००२ मध्ये 'प्रथम' संस्थेने पाहणी केली, तेव्हा फारच थोडे संगणक मुलांच्या वापरात होते. 'प्रथम'ने त्यांवर गणिताचे खेळ बसवले. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका यंत्रावर दोघे. मुलाला जमेल त्या पायरीपासून सुरुवात आणि बरोबर आले की पुढची पायरी. गणितात चांगली प्रगती दिसली. यंत्रे तीच होती, फक्त आता त्यांना काम दिले होते.

याच काळात मुंबईत आणि बडोद्यात दुसराही प्रयोग झाला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुलींना थोडे प्रशिक्षण आणि थोडे मानधन देऊन मागे पडलेल्या पोरांना रोज दोन तास शिकवायला बसवले. त्यांना 'बालसखी' म्हणत. त्यानेही मुले पुढे गेली आणि दर मुलामागचा खर्च संगणकापेक्षा पुष्कळ कमी आला. हा अभ्यास करणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोन्ही प्रयोगांचे सार एकच. पोर कुठे अडले आहे ते आधी बघा आणि तिथूनच शिकवा.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पाटाने पाणी सोडले की उंचवटे कोरडे राहतात आणि खोलगट जागी पाणी तुंबते. ठिबकने थेंब मुळाशी जातो. आपल्या शाळा अजून पाटपाण्यावर चालतात. पुस्तक ठरलेल्या तारखेला संपले पाहिजे, पोराच्या डोक्यात उतरो वा न उतरो. म्हणून तर २०२४ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा धडा धड वाचता आला नाही. अशा वर्गात डिजिटल फळा लावला तर पाटाचे पाणी रंगीत होईल, इतकेच.

खडे, मणी आणि वेल्डिंग

नवी शिक्षणपद्धती म्हणजे महागडे यंत्र, असा समज कोणी पसरवला ठाऊक नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी २०१२ नंतर जे करून दाखवले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. फरशीवर आखलेले अक्षरांचे आणि अंकांचे तक्ते, खडे, मणी, काड्या. पोरे गटाने बसतात, हाताने मांडतात, एकमेकांना विचारतात आणि स्वतः उत्तराला पोचतात. पोराने स्वतः ज्ञान रचायचे, मास्तरने वाट मोकळी करायची, म्हणून याला ज्ञानरचनावाद म्हणतात. नाव भारदस्त आहे, खर्च खड्यांचा.

आणि यंत्रच घ्यायचे तर पाबळकडे बघा. शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत टिकू न शकलेली पोरे तिथे वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, भूजल शोधणे, फेरोसिमेंटची टाकी बांधणे शिकली, गावाची कामे करून पैसे कमवत शिकली. तोच अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांनी घेतला. आठवड्यातला एक दिवस हातांनी काम आणि त्या कामातून विज्ञान, गणित, हिशेब. तिथे यंत्राला कपाटात ठेवायला फुरसतच नव्हती, कारण त्या यंत्रावर कोणाचे तरी काम अडलेले होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून त्यांनी धडा मोबाईलवर ऐकता-बघता येईल अशी सोय केली होती. ती कल्पना वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाची होती, म्हणून ती कामाला आली.

मास्तरचा कारकून कोणी केला?

गेल्या दहा वर्षांत शाळेत तंत्रज्ञान आले, यात खोटे काही नाही. पण ते कशासाठी आले? 'सरल'वर माहिती भरा, यू-डायसवर भरा, खिचडी किती जणांनी खाल्ली ते रोज भरा. दोन मास्तरांची शाळा, चार-पाच वर्ग, आणि एक मास्तर रेंज शोधत ओट्यावर उभा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपू नये. ऑनलाइन रकाने भरणे या कलमात बसत नाही म्हणे! ज्या यंत्राने मास्तरचा वेळ वाचायचा, तेच त्याचा वेळ खात असेल तर ते यंत्र कोणाच्या नोकरीत आहे?

दुसरीकडे घरात काय चालले आहे तेही बघू. 'असर' २०२४ प्रमाणे ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन चालवता येतो. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे सांगणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. फोन चालवता येणाऱ्यांत स्वतःचा फोन मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे, मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. यंत्र घरात आले, शिकवणारा सोबत आला नाही. आणि पोरीच्या वाट्याला तेही कमीच आले. मायबहिणींनो, हा शेवटचा आकडा सरकारचा दोष नाही. तो आपल्या घरातला आहे.

खरा धोका

आता मुद्द्याचे बोलू. २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. अशा शाळा राज्यात साडेचौदा हजारांवर निघाल्या. मोठ्या शाळेत संगणक कक्ष असेल, प्रयोगशाळा असेल, असे सांगितले गेले. ऐकायला गोड आहे. पण सहा-सात वर्षांची पोर ओढा ओलांडून रोज जाणार कशी? आषाढात बस बंद पडली की आधी कोणाची शाळा सुटेल? पोरीचीच. संगणक कक्षाच्या मोबदल्यात वस्तीवरची शाळा द्यायची, हा सौदा तोट्याचा आहे. पट कमी आहे म्हणून मास्तर कमी आणि मास्तरऐवजी पडदा, हे एकदा सुरू झाले की थांबणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने तर ते अधिक वेगाने येईल. यंत्राला पगार, रजा, बदली काही लागत नाही, हा हिशेब मंत्रालयात मांडायला कितीसा वेळ लागतो?

करायचे काय?

कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करण्याचा हक्क याच समितीचा. आपल्यापैकी कित्येकांच्या सह्या त्या वहीत आहेत, वही मात्र आपण वाचलेली नाही. जिल्हा बैठकीहून परतल्यावर पुढच्या सभेला जाऊन पाच गोष्टी विचारा.

एक, आपल्या शाळेत कोणत्या पोराला वाचता येते आणि कोण कुठे अडले आहे, याची यादी कुठे आहे?

दोन, शाळेत आलेली यंत्रे किती, चालू किती, आणि मुलांच्या हाती आठवड्यात किती तास?

तीन, वीजबिल आणि दुरुस्ती कोणाच्या खात्यातून?

चार, मास्तरांच्या किती जागा मंजूर, किती भरलेल्या, आणि माहिती भरण्यात त्यांचे किती तास जातात?

पाच, आठवड्यातला एक दिवस पोरे माती तपासायला, मोटारीची जोडणी शिकायला, बाजार समितीच्या पट्टीचा हिशेब करायला बाहेर पडतात का? गावातला वायरमन, गवंडी, डेअरीचा सचिव त्या दिवशी शिकवायला येतील का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत नव्या यंत्राच्या मागणीवर सही करू नका. उत्तर मिळाले की मग हक्काने यंत्र मागा, चांगले मागा, आणि चालवणाऱ्या माणसासकट मागा. फीत कापायला कोणी आलाच, तर त्याला वर्गात बसवा आणि चौथीच्या पोराकडून एक धडा वाचून घ्यायला सांगा. टाळ्या त्यानंतर वाजवू.