मानाची पदवी आणि हक्काची खोली



पदवीदान समारंभ जवळ आला की विद्यापीठांची वर्णने वृत्तपत्रांतून येऊ लागतात. विस्तीर्ण आवार, नव्या प्रयोगशाळा, उद्योगपतींशी झालेले सहकार्याचे करार आणि मान्यवरांना बहाल केलेल्या सन्मान्य पदव्या! ही वर्णने वाचून दिपून जाण्यापूर्वी थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

सन्मान्य पदवी त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. संविधानाच्या अनुच्छेद 18 ने राज्याने किताब देण्यास मनाई केली. मात्र लष्करी व विद्याविषयक सन्मान त्यातून वगळले. कोलंबिया विद्यापीठाने 5 जून 1952 रोजी बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्मान्य पदवी अर्पण केली. उस्मानिया विद्यापीठाने 12 जानेवारी 1953 रोजी डी.लिट. दिली. या पदव्या आपणां सर्वांस भूषणभूत आहेत. परंतु कोलंबियाच्या सन्मानाच्या 39 वर्षे आधी, 1913 साली, त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे दार त्यांना उघडे झाले होते, आणि तेथे पोहोचण्याचे साधन बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने पुरविले होते. आधी शिष्यवृत्ती, ग्रंथालय आणि अविरत श्रम. सन्मान त्यांच्या मागून आला.

म्हणून विद्यापीठाची पारख त्याने कोणाचा सत्कार केला यावरून करू नका. वसतिगृहाच्या खोल्या कोणत्या नियमाने वाटल्या? शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपण्यापूर्वी हाती पडली काय? संशोधनाच्या राखीव जागा भरल्या की रिकाम्या ठेवल्या? कारखान्याशी करार झाला, तर तेथे उमेदवारीसाठी कोणाची मुले गेली? हे प्रश्न विचारा. सार्वजनिक विद्यापीठ जनतेच्या पैशावर उभे असते. त्याचा हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे.

हे मागण्याची साधने कायद्याने तुमच्या हाती दिली आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून चालत आली आहे. धम्म स्वीकारल्याने ती बुडेल, अशी भीती आजही काही घरांतून घातली जाते. ती निराधार आहे. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना हा दर्जा स्पष्टपणे दिला. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे निःशंकपणे लिहा. जातीचे प्रमाणपत्र मात्र वेळेवर काढून ठेवा. विद्यापीठ माहिती देत नसेल, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये लेखी अर्ज करा. त्याचे उत्तर सामान्यतः 30 दिवसांत देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

सन्मान्य पदवी विद्यापीठ आपण होऊन देते. वसतिगृहातील खोलीसाठी मात्र अर्ज करावा लागतो. तो मुदतीत करा, आणि पोच हाती घेतल्याविना कचेरीची पायरी उतरू नका.