जुनी पाकिटं रद्दीत घालू नका

दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेतली जुनी पत्रं बाहेर निघतात आणि रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. लासूर स्टेशन आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या मंडळींना माझी विनंती आहे : पाकिटावरचं तिकीट आधी नीट बघा.

एखाद्यावर मार्टिन ल्यूथर किंग भेटतील. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या या नेत्याची एप्रिल १९६८ मध्ये हत्या झाली. जानेवारी १९६९ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. खुद्द अमेरिकेत ते निघायला १९७९ उजाडलं! त्या देशात तिकिटावर पहिला काळा माणूस आला तो १९४० मध्ये : गुलामीत जन्मून शिक्षक झालेले बुकर टी. वॉशिंग्टन.

हे आपल्यापासून दूरचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्यांनाच. जोतीराव १८९० मध्ये गेले; त्यांचं तिकीट निघालं १९७७ मध्ये. सावित्रीबाई १८९७ मध्ये गेल्या. त्यांचं तिकीट यायला १९९८ लागलं. बाबासाहेबांचं पहिलं तिकीट १९६६ चं. कोणाला मान मिळायला किती वर्षं लागली, हे ही सालं सांगतात. म्हणून किंग, जोतीराव, सावित्रीबाई आणि बाबासाहेब ही आपली चार तिकिटं एकाच पानावर लावा आणि प्रत्येकाखाली मुलांच्या हातून दोन ओळी लिहून घ्या.

जपणूक मात्र नीट करा. पाकिटावर शिक्का स्पष्ट असेल तर तिकीट काढूच नका, पाकीट अख्खं ठेवा. लासूर स्टेशनचा शिक्का हा आपल्या गावाचा पुरावा आहे. सुटं करायचंच तर कागदासकट कापून कोमट पाण्यात ठेवा; डिंक सुटला की टिपकागदावर वाळवा. ओढून काढू नका. तिकीट चिमट्याने धरा. डिंकाने वहीत चिकटवू नका, डाग कायमचे राहतात. नवी तिकिटं हवी असतील तर मुख्य टपाल कार्यालयात फिलाटेलीच्या, म्हणजे तिकीटसंग्रहाच्या, खात्याची चौकशी करा. भाव वाढेल म्हणून उधारउसनवारी करून तिकिटं घेऊ नका. हा छंद शिकण्यासाठी आहे.

या सुट्टीत घरातल्या मुलाला शेजारी बसवा, ट्रंक उघडा आणि पहिलं पान आजच लावा.