जन्माआधीची शिदोरी

मार्चमधील दुसरा गुरुवार २००६ सालापासून जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी व्याख्याने होतात, शिबिरे भरतात, एखाद्या डायलिसिस केंद्राची फीतही कापली जाते. या साऱ्याचे मोल आम्ही जाणतो. निकामी मूत्रपिंडाचे काम यंत्राकडून करवून घेण्यासाठी ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा चार चार तास खाटेवर पडून राहावे लागते, त्याला घराजवळचे केंद्र म्हणजे केवढा आधार! २०१६ साली केंद्र सरकारने जाहीर केलेली राष्ट्रीय डायलिसिस योजनाही स्वागतार्हच होती. परंतु रोग्याची पावले यंत्राकडे वळण्याच्या कितीतरी आधी, त्याच्या जन्माच्याही आधी, काय घडले हे कोणी विचारावयाचे?

शास्त्रज्ञांनी ते विचारले आहे, आणि त्यांच्या उत्तराचा एक धागा माशापर्यंत जातो. ज्या वर्सोव्यात जुना कोळीवाडा आणि १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था शेजारी नांदतात, तेथील वाचकांस तरी हा धागा परका वाटू नये. झेब्रा मासा आपल्याच उपखंडातील गोड्या पाण्याचा रहिवासी. गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याची नोंद केली. या चिमुकल्या माशाच्या मूत्रपिंडास इजा झाली, तर तो जुन्या गाळण्या दुरुस्त करून थांबत नाही, नव्या घडवतो. ज्या मूळ पेशींपासून त्या घडतात, त्या डॉ. ॲलन डेव्हिडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिल्या.

मनुष्यास हे वरदान नाही. त्याच्या प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, असतात. गर्भाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास त्या घडून पुऱ्या होतात. पुढे खर्च आहे, जमा नाही. ज्याला ही शिदोरी जन्मतःच तोकडी मिळाली, त्याच्या गाळण्यांवर अधिक भार पडून पुढे रक्तदाब व मूत्रपिंडाचा विकार बळावतो, असा सिद्धांत डॉ. बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडला. अपघातात मृत्यू पावलेल्या वीस व्यक्तींच्या मूत्रपिंडांची मोजणी २००३ साली जर्मनीतून प्रसिद्ध झाली. रक्तदाबाच्या रोग्यांत गाळण्या सुमारे सात लाख, इतरांत चौदा लाख! वीस जणांचा पुरावा अंतिम मानू नये हे खरे. परंतु कमी वजनाने जन्मणाऱ्यांत गाळण्या कमी असण्याचा संभव अधिक, असे अन्य संशोधनही सांगते.

मग बाळाचे वजन कशाने ठरते? याचे एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातूनच आले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व मुले यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. ज्या माता गरोदरपणी दूध, पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे अधिक भरलेली आढळली. हा अभ्यास मुख्यतः मधुमेहाच्या मुळाशी जाण्यासाठी होता. पण मूत्रपिंडे निकामी करणाऱ्या कारणांत मधुमेह अग्रभागी आहे, हे विसरून कसे चालेल?

तेव्हा केवळ यंत्रे वाढवीत जाणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. विहीर खणू नये असे आम्ही म्हणत नाही. पाऊस पडतो तेव्हा पाणी अडवावे, इतकेच म्हणतो. गरोदर स्त्रीच्या पोषणावरचा पैसा हा मूत्रपिंडरोगावरच्या खर्चातच धरला पाहिजे. अडीच किलोंहून कमी वजनाच्या बालकाची नोंद प्रसूतिगृहाच्या कागदावरच न राहता शाळेपर्यंत जावी, आणि त्याचा रक्तदाब व लघवी वेळोवेळी तपासली जावी. या तपासण्यांस मोठी यंत्रे लागत नाहीत. लागते ती नेमाने काम करण्याची वृत्ती. आणि माशाच्या मूत्रपिंडाशी आमचा काय संबंध, असे विचारून मूलभूत संशोधनाचे अनुदान कोणी कापू नये. नवी गाळणी घडविण्याची विद्या मनुष्याच्या हाती कधी आलीच, तर ती अशाच वाटेने येईल. तोवर मातेच्या ताटाकडे लक्ष देणे हे महापालिकेचे, सरकारचे आणि प्रत्येक घराचे कर्तव्य आहे.