रांगेचा हिशेब

परसवाड्यासारख्या गावात मुख्याध्यापकाच्या सहीला जरा अधिकच किंमत असते. शाळा सोडल्याचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, कागदाची खरी प्रत, असल्या सह्या आम्ही चहा निवण्याच्या आत करून टाकतो. पण गेल्या पौषात एका रविवारी आमचा एक जुना विद्यार्थी जो कागद घेऊन आला, त्यावर सही करावी की करू नये हे ठरविण्यात आमचे दोन महिने गेले. तो कागद जामीनपत्राचा होता.

हा गृहस्थ आमच्या लेखी अद्याप पोरगाच आहे. बारावीनंतर तो नोकरीच्या मागे लागला नाही. आधी एक जुना ट्रॅक्टर घेतला, तो विकून नवा घेतला आणि आज नांगरणी, चिखलणी, धान चुरणे आणि वाहतूक ही कामे तो आसपासच्या गावांत ठेक्याने करतो. घरची धानशेती चार एकर. आपल्या मंडळींत शिपायाच्या नोकरीलाही स्वतःच्या धंद्याहून अधिक मान असतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. लग्नाच्या बैठकीत तर तो उघडच दिसतो. म्हणून या मुलाचे आम्हांला विशेष कौतुक.

आता त्याला हार्वेस्टर घ्यायचा होता. साखळीपट्ट्यावर चालणारा, ओल्या बांधीतही उतरणारा, ज्याला लोक 'चेनवाला' म्हणतात तो. दर हंगामात पंजाबकडील यंत्रे मुक्काम करीत करीत मध्य भारतात येतात आणि पैसे घेऊन पुढे जातात. तो पैसा गावातच का राहू नये, असा त्याचा प्रश्न. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीयंत्रांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आल्याने दरपत्रकही उतरले होते. त्याच्या हातातील दरपत्रक चोवीस लाखांचे होते. सहा लाख स्वतःचे, अठरा लाख बँकेचे. शेतीच्या यांत्रिकीकरणाची जी केंद्रीय योजना 2014-15 पासून चालू झाली, तिच्यात भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांना चाळीस टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद होती, त्या धर्तीवर अनुदान मिळेल, अशी त्याची उमेद. तारणाला घरची शेती आणि जामिनाला आम्ही.

"गुरुजी, मागणी आहे म्हणून तर म्हणतो," तो म्हणाला. "गेल्या आषाढात चिखलणीसाठी तेरा घरे दारातून परत पाठवली. एकच ट्रॅक्टर कुठे कुठे फिरवू?"

आम्ही जरा मागेपुढे पाहिले तेव्हा त्याने ठेवणीतले अस्त्र काढले. "तुम्हीच वर्गात लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली होती."

सांगितली होती खरी. 1903 साली घडविलेला लोखंडी नांगर खपेना, लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, तरी त्या माणसाने हिंमत सोडली नाही आणि 1910 साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षकाने वर्गात बोललेले वाक्य कधी आणि कोणत्या रूपाने परत येईल, याचा नेम नाही. त्या रविवारी आम्हांला उत्तर सुचले नाही. ते रात्री सुचले: किर्लोस्कर नांगर विकत होते, आज खपला नाही तर तो उद्या खपतो. हा मुलगा दिवस विकतो, आणि हंगामाचा न विकलेला दिवस कोठारात ठेवता येत नाही.

दुसऱ्या भेटीत आम्ही त्याला ट्रॅक्टरच्या मीटरवरील तास विचारले. गाडीला किलोमीटर, तसे ट्रॅक्टरला तास. वर्षभरात त्याचा ट्रॅक्टर 640 तास चालला होता. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ट्रॅक्टरचा खर्च मांडताना वर्षाला 1000 तास धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे ज्याच्या दारातून तेरा घरे परत गेली, त्याचा ट्रॅक्टर पुस्तकी हिशेबाने 360 तास रिकामा उभा होता! यात विसंगती काहीच नाही. पाऊस पडला, पऱ्हे उपटण्याजोगे झाले की प्रत्येकाला चिखलणी त्याच आठवड्यात हवी असते, कारण रोवणी थांबत नाही. दारातील रांग खरी असते. पण ती पंधरा-अठरा दिवसांची असते आणि यंत्राचा हप्ता बारा महिन्यांचा असतो.

मग हार्वेस्टरचा हिशेब मांडला. जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आम्ही आकडे लिहीत होतो आणि तो मोबाईलवर गुणाकार करीत होता. अठरा लाखांवर अकरा टक्के व्याज, सात वर्षांची मुदत आणि वर्षाला एक हप्ता धरला, तर हप्ता सुमारे 3 लाख 82 हजारांचा होतो. डिझेल, चालक आणि दुरुस्ती वजा जाता तासाला हजार रुपये उरतात असे त्याचेच म्हणणे. म्हणजे नुसत्या हप्त्यापुरते 382 तास. कार्तिक-मार्गशीर्षात सकाळी दव ओसरेपर्यंत यंत्र शेतात घालता येत नाही आणि या बांधीतून त्या बांधीत जाण्यात वेळ मोडतो, म्हणून दिवसाचे सहा तास धरले. हिशेब 64 दिवसांचा आला. आमच्याकडे कापणीचा भर जेमतेम महिनाभर असतो.

"अनुदान धरा ना, गुरुजी."

धरले. चाळीस टक्के, म्हणजे 9 लाख 60 हजार कर्जातून वजा केले. हप्ता 1 लाख 78 हजारांवर आला आणि दिवस 30 भरले. तो खुलला. पण हे तीस दिवस म्हणजे हंगामाचा एकही दिवस पावसात, बिघाडात वा रुसव्यात न जाता फक्त बँकेचे देणे फिटणार. स्वतःच्या सहा लाखांचे व्याज नाही, यंत्राची झीज नाही, घरात दाणा नाही. आणि अनुदान आले नाही किंवा उशिरा आले, तर पुन्हा चौसष्टाचा आकडा आहेच. पंजाबची मंडळी जगतात ती एका गावावर नव्हे. पीक जेथे पिकेल तेथे ती यंत्र नेतात आणि महिनेच्या महिने घराबाहेर राहतात. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे. त्याविषयी तो बोलला नाही, आम्हीही विचारले नाही.

बांधींची गोष्ट वेगळीच. परसवाड्याकडील धानाच्या बांध्या लहान, डोंगराच्या पायथ्याला तर पायऱ्यांसारख्या. मधल्या बांधीतले यंत्र बाहेर काढायचे तर शेजाऱ्याचे पीक आधी कापलेले असावे लागते, नाही तर त्याचा बांध फुटतो आणि भांडण थेट पंचांपर्यंत जाते. हार्वेस्टरने धान ओलसर असताना कापला तर तो वाळवत बसावे लागते, कारण सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा सतरा टक्क्यांची. आणि तनीस? कापून पुंजणे रचले, चुरले की तनीस जनावरांसाठी एका जागी मिळते. हार्वेस्टर ते शेतभर विस्कटून टाकतो. ज्याच्या गोठ्यात दोन बैल आणि एक गाय आहे, तो शेतकरी हा हिशेब बँकेच्या अधिकाऱ्याहून नीट जाणतो.

त्यात उधारी. शेतकरी ठेकेदाराला पैसे देतो ते बहुधा धानाचे पैसे खात्यात पडल्यावर. डिझेल मात्र रोख. यंत्र मोठे, तशी उधारीही मोठी.

येथवर आमचा सल्ला चोख होता असे वाटते. तरी एक गोष्ट वाचकांपासून लपविणे बरे नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका सहकाऱ्याला जामीन राहिलो होतो. त्याचे हप्ते थकले आणि तीन वर्षे दर महिन्याला आमच्या पगारातून कपात झाली. त्या काळात थोरलीच्या शिक्षणाचे जे ठरले होते ते झाले नाही. तिने ते कधी बोलून दाखविले नाही, म्हणून ते अधिक आठवते. तेव्हा या मुलाला हार्वेस्टर घेऊ नकोस म्हणताना आम्ही त्याची शेती वाचवीत होतो की आपली सही, याचा उलगडा आम्हांला होईना. सौभाग्यवतींना विचारले. त्या म्हणाल्या, "दोन्ही. पण आकडे तर तुम्ही खोटे मांडले नाहीत ना?" आम्ही सगळी मांडणी पुन्हा तपासली. तासाला हजारांऐवजी बाराशे धरून पाहिले. अनुदानाविना दिवस 53 आले.

फाल्गुनात तो वही घेऊन आला. परत गेलेली तेरा घरे त्याने नावानिशी लिहून काढली होती, पुढे शेताची जागा. त्यांतली नऊ डोंगरपायथ्याची निघाली. वहीवर बोट ठेवून तो म्हणाला, "यांच्या बांधीत माझा ट्रॅक्टर वळतच नाही, गुरुजी. रांग होती म्हणून मी नाही म्हटले असे मला वाटत होते. रांग नसती तरी नाहीच म्हटले असते."

हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही तास मोजत बसलो होतो, त्याने घरे मोजली. कोकणात लहान खाचरांतून पॉवर टिलर चालतो, तसा एक घेण्याचे त्याच्या मनात आले होते. दोन माणसे तो बांधावरून पलीकडे उतरवतात आणि तो चिखलणीही करतो. बाकीच्या चार घरांसाठी त्याने नाल्यापलीकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याशी बोलणे केले: आषाढात त्याची अडचण याने भागवायची, याची त्याने. दर मात्र दोघांचा एकच.

टिलरसाठी दीड लाखाचे कर्ज पुरणार होते. शेतीसाठीच्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 1 जानेवारी 2025 पासूनचा नियम आहे. शेती मोकळी राहिली आणि आम्हीही. ते ऐकून आम्हांला हायसे वाटले, आणि वाटल्याची थोडी लाजही वाटली. तो मात्र जामीनपत्र परत न मागताच गेला. हार्वेस्टर त्याच्या मनातून गेलेला नाही, हे आम्ही ओळखून आहोत.

टिलर वैशाखात आला. नऊ घरांपैकी सातांनी आगाऊ सांगून ठेवले आहे. उरलेली दोन यंदा बैलांनीच चिखलणी करणार म्हणतात.