चुंबक चिकटला नाही म्हणून स्टील अस्सल? बिलावर ग्रेड लिहून घ्या

आजरा : लग्नसराई आली की रुखवतासाठी स्टीलच्या भांड्यांची खरेदी निघते. दुकानात चुंबक लावून बघणारे आजही भेटतात. चिकटला नाही की माल अस्सल, असा हिशेब. हा हिशेब चुकतो आणि पैसे गिऱ्हाइकाचे जातात.

१९१३ मध्ये इंग्लंडच्या शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीची झीज कमी करायला बघत होते, त्यातून गंज न धरणारं हे पोलाद हाती आलं. लोखंडात साधारण साडेदहा टक्क्यांवर क्रोमियम गेलं की वर डोळ्याला न दिसणारा थर बसतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. ही भांडी घरोघरी आली आणि कल्हईवाला गावातून दिसेनासा झाला.

क्रोमियमची आपल्याकडं ददात नाही. ओडिशात सुकिंदा खोऱ्यात मोठे साठे आहेत. आपल्या घाटाखाली कणकवली तालुक्यातही क्रोमाइट आहे. अडतं ते निकेलपाशी. '३०४' ग्रेडच्या स्टीलला साधारण १८ टक्के क्रोमियम अन् ८ टक्के निकेल लागतं, आणि निकेल जवळपास सगळं बाहेरच्या देशातून येतं. म्हणून निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं '२००' मालिकेचं स्वस्त स्टील भारतात फोफावलं. मँगनीज तर भंडारा-नागपूरच्या खाणीतच निघतं.

आता चुंबकाचं. २०० असो की ३०४, साध्या चुंबकाला दोन्ही जवळपास दाद देत नाहीत. उलट इंडक्शनच्या भांड्याच्या बुडाला तो घट्ट चिकटतो, आणि तिथं वापरतात ते '४३०' स्टीलही स्टेनलेसच! म्हणजे चुंबकानं ३०४ ओळखताच येत नाही.

२०० मालिका टाकाऊ नाही. ताटाला, कोरड्या डब्याला ती चालते. मीठ, लोणचं, आमसूल राहिलं तर मात्र ३०४ पेक्षा लवकर डाग आणि बारीक खड्डे पडतात. दुधाच्या टाक्या ३०४ च्या करतात त्या उगीच नव्हे. तक्रार एवढीच, की २०० चा माल ३०४ च्या भावानं गळ्यात पडू नये.

केंद्रानं १४ मार्च २०२४ ला स्टीलच्या भांड्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश काढला. तेव्हा आधी मार्क बघा, मग ग्रेड विचारा आणि बिलावर लिहून मागा. नुसतं 'स्टील भांडी, इतके किलो' असं बिल भांडायला उपयोगी पडत नाही. आणि हे सगळं भांड्यावर नाव घालायच्या आधी. एकदा नाव-तारीख कोरली की दुकानदार ते परत कशाला घेईल?